छावणी वाढवा!

परवा सकाळी दुकानाची फळी पुसून मी बायंडिंगची खळ ढवळत होते, आणि गुठळ्या काही केल्या मोडत नव्हत्या. पण थांबा वन्सं, आधी वाकून नमस्कार, नाहीतर म्हणाल भावजय चार बुकं वाचून रीत विसरली. गुडघा कसा आहे? (कुरकुरत असेल तर जिना चढू नका, माळ्यावर काही सोनं पुरलेलं नाही.) तर खळ ढवळताना तुमचं पत्र पुन्हा वाचत होते. 'माझा भाऊ गेला, आता कुणासाठी बसतेस तिथे? दुकान वाढव आणि माझ्याकडे ये.' मी 'वाढवते' असं उत्तरही टाकलं होतं, आणि तेव्हापासून हात चालत नव्हता.

तेवढ्यात तुमचा धाकटा उगवला. त्याच्या लष्करी सरावकेंद्रात म्हणे युद्धातलं ओ की ठो न कळणारं माणूस तपासणीला हवं होतं. एवढ्या गावात त्याला मामीच आठवली, याचा मान वाटावा की राग यावा, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्यांचं असं आहे, की हुकूम देणारं यंत्र एका कंपनीचं, पडद्यावर खोटी लढाई खेळणारं दुसऱ्या कंपनीचं, आणि दोघांची तोंडं दोन दिशांना (तुमच्या दोन जावांसारखी). म्हणून दोघांना कळेल अशी एक ठरीव भाषा तो घडवतोय. कोणी, काय, कुठे, केव्हा, कशासाठी, एवढंच भरायचं, आणि एका शब्दाला एकच अर्थ. 'जरा' नाही, 'बघू' नाही, 'तिकडे' तर नाहीच.

मला सेनापतीच्या खुर्चीत बसवलं. 'कोणी' या चौकोनात मी सवयीने 'हे' लिहिलं. यंत्राने उत्तर दिलं, 'हे' नावाची तुकडी उपलब्ध नाही. ते मलाही माहीत आहे बाबा, मी म्हटलं, पुढे चल.

मग पडद्यावरची पोरं चालून चालून दमलेली दिसली (निदान मला तरी), म्हणून मी हुकूम सोडला, छावणी वाढवा. आवरा आणि जा घरी! तर यंत्राने खरंच वाढवली. तंबूला तंबू फुटत गेले, टेकडीवर, रस्त्यावर, एक तर थेट नदीत.

"मामी, काय केलंस हे!"

"मेल्या, दुकान वाढवतात तशी वाढवायला सांगितली!"

"अगं, वाढवणं म्हणजे मोठं करणं. दुसरा अर्थ आम्ही ठेवलेलाच नाही."

तोवर पलीकडच्या खोलीतल्या शत्रूने एवढे तंबू पाहून माघार घेतली होती. मिशीवाले प्रशिक्षक साहेब आले नि म्हणाले, "बाई, एक गोळी न झाडता जिंकलात. आता पुन्हा येऊ नका."

वाटभर हसू आवरेना. हे असते तर दर गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगत बसले असते, पुस्तक द्यायचं विसरून. मी कुलूप काढलं, आणि पुस्तकांनाच सांगितली.

तुमची,
भावजय

ता. क. पुस्तकं शिवायची ह्यांची लाकडी चौकट मी आवराआवरीत तुमच्याकडे पाठवली होती. ती धाकट्याबरोबर परत पाठवा.

ता. क. दुसरा. दिलेल्या शब्दाला मी जागते, वन्सं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शिंप्याने सोडलेला गाळा घेतला, मधल्या फळ्या काढल्या आणि दुकान वाढवलं.