शहाऐंशी नंबरच्या वाणाची व्यवस्था

मी, तोकुजिरो इगाराशी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार उएदा, रेशीमकिड्यांचा निवृत्त प्राध्यापक, हे मृत्युपत्र राजीखुशीने व शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीत आहे, पण गोंधळलेला आहे. गोंधळ हा आजार नव्हे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम पहिले. घर आणि बँकेतील शिल्लक मुलगा शिंगो याला. त्याने जीवशास्त्र शिकून औषध कंपनीत विक्रेत्याची नोकरी धरली, म्हणून मी दोन वर्षे त्याच्याशी धड बोललो नाही. आता पाहतो तर माझ्या हाताखालच्या साऱ्या विद्वानांपेक्षा त्याचीच नोकरी पक्की निघाली. चुकले कोण, ते मला सांगता येत नाही.

कलम दुसरे. दाराआडची काळी छत्री प्राध्यापक तोमियासु यांना परत करावी. अनुदानाच्या बैठकीत ते म्हणाले, "रेशीमकिडे म्हणजे आजोबांचा विषय," आणि सगळा पैसा उंदरांच्या मेंदूकडे वळला. छत्री मी त्याच बैठकीतून आणली. चुकून की मुद्दाम, आठवत नाही. भांडण मात्र परत करू नये, ते माझ्याबरोबर जाळावे.

कलम तिसरे. सूक्ष्मदर्शक, चिमटे आणि नुकत्याच जन्मलेल्या अळ्या उचलायचा पिसांचा कुंचला चिहारु ओगिनो हिला. ही माझी शेवटची विद्यार्थिनी, वय छत्तीस. तिची नेमणूक तीन-तीन वर्षांच्या कराराची. तिसरा करार या मार्चअखेर संपतो आणि चौथा मिळणार नाही. आमच्या देशात डॉक्टरेट झालेल्यांची ही गत पाहून आता मुले त्या वाटेलाच जात नाहीत.

कलम चौथे. शहाऐंशी नंबरचा वाण चिहारुला. हा माझ्या सासूबाईंच्या माळ्यावरचा किडा. अंगावर काळे पट्टे, कोष हिरवट, बाजारात त्याला कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी माझी पत्नी कै. सुमिए हिने स्वतः तुतीचा पाला चिरून घातला. अंडी एका हिवाळ्यापुरतीच टिकतात, त्यामुळे एक वसंत चुकला की वाण संपला. एक्केचाळीस वर्षे मी तो चुकू दिलेला नाही.

कलम पाचवे. कलम चौथे रद्द.

कारण लिहिणे भाग आहे. सहा वर्षांपूर्वी चिहारुने जर्मनीतील एका संस्थेत अर्ज केला होता. त्यांनी माझे शिफारसपत्र मागवले. आपल्या माणसाची परक्यांपुढे स्तुती करायची नाही, ही आमची रीत. घरचे उत्तम लोणचेसुद्धा आम्ही "बेचव आहे, तरी घ्या" म्हणून पुढे करतो. मी लिहिले, "अजून कच्ची आहे, बरेच शिकायचे आहे, पण कष्टाळू आहे. सांभाळून घ्यावे." तिला नकार आला. "त्यांना रेशीमकिडे नको असतील, सर," ती म्हणाली आणि पाला चिरायला बसली.

गेल्या शरदात क्योतोच्या परिषदेत त्या संस्थेच्या बाई भेटल्या. "तिचं काम आम्हाला फार आवडलं होतं," त्या म्हणाल्या. "पण खुद्द गुरूच कच्ची म्हणतात, म्हटल्यावर कशी घेणार?" 

आता कॅनडातून तिच्यासाठी पुन्हा पत्र मागवले आहे. मी अकरा मसुदे केले. स्तुती लिहिली की लाज वाटे, खोडली की जास्त लाज वाटे. शेवटी बारावा तिच्याच हाती दिला: "चिहारु ओगिनो माझ्यापेक्षा चांगली शास्त्रज्ञ आहे. मागचे पत्र खोटे होते." आणि क्योतोची हकीकत सांगितली.

तिने मसुदा दोनदा वाचला. मग म्हणाली, "एक विचारू, सर? ते रीत म्हणून लिहिलंत, की मी इथंच राहावं म्हणून?"

"माहीत नाही."

"खरंच?"

"खरंच माहीत नाही गं. किड्यांना पाला कोण घालणार, हे तेव्हा मनात आलं होतं. पत्र लिहायच्या आधी आलं की नंतर, ते आठवत नाही."

"सहा वर्षं गेली माझी," ती म्हणाली. मी मान खाली घातली. मग तिनेच पेन पुढे केले. "सही करा. नाहीतर हेही खोडाल." दाराशी जाऊन ती थांबली. "आणि मेमध्ये शहाऐंशीला कोण बघणार?"

"हाचिया बघणार आहे. ठरलंय," मी म्हणालो.

काहीच ठरलेले नाही. हाचिया हा माझा शेजारी, तोफूवाला. त्याला मी विचारलेलेही नाही. पत्र टपालात पडले आहे. शहाऐंशीची अंडी चिकटलेली कार्डे आज सकाळपासून मी तीनदा फ्रिजबाहेर काढली आणि तीनदा आत ठेवली. बाहेर राहिली, तर तुतीला पाला फुटण्याआधीच अळ्या निघून उपाशी मरतील. सध्या आत आहेत.

कलम सहावे व अखेरचे. हा वसंत मी निभावीन. पुढे माझे बरेवाईट झाल्यास वाण माझ्याबरोबर संपू द्यावा. सुमिएची माफी मी तिकडे गेल्यावर मागेन. चिहारुला परत बोलावू नये, ती आपणहून आली तरी तिच्या हाती कुंचला देऊ नये. कलम तिसऱ्यातून कुंचला वगळावा.

वरील मजकूर नोटरींनी दोन्ही साक्षीदारांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवला. तो माझाच आहे.

तोकुजिरो इगाराशी (सही व शिक्का)
उएदा, १९ फेब्रुवारी, रेइवा ६ (इ. स. २०२४)

साक्षीदार १: किनुयो माएजिमा, निवृत्त ग्रंथपाल (सही व शिक्का)

साक्षीदार २: ताकेओ हाचिया, तोफू विक्रेता (सही व शिक्का). माझे नाव वर आले आहे ते मी आज प्रथमच ऐकले. मला अळ्यांची किळस येते. तरी कुंचला माझ्याकडे द्यावा.