मुलतानी माती आणि कबाबाच्या सळ्या

आई,

तुझी मुलतानी माती इथेही चालली. गेल्या शनिवारी, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये, सात अनोळखी बायकांसमोर. सळईवरून मणी अलगद सुटला आणि माझ्या तोंडून अगदी तुझ्यासारखं "हं" निघालं. तू जाऊन अकरा वर्षं झाली. तुला काहीतरी सांगायचं राहिलंय असं इतक्या वर्षांत कितीदा तरी वाटलं, पण बसून लिहावं असं आजच वाटतंय.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर तुला कॉलेजात लॅब अटेंडंट म्हणून घेतलं. केमिस्ट्रीच्या त्या खोलीत एक म्हातारे ग्लासब्लोअर फुटक्या ब्युरेट जोडत बसायचे. तुला कुणी ते शिकवणार नव्हतं. तू नुसती दारात उभी राहून बघायचीस, म्हणून एक दिवस ते म्हणाले, "बाई, बघताय काय, भाता मारा." हे तू मला इतक्यांदा सांगितलंस की त्यांचा आवाजसुद्धा मी ऐकल्यासारखा वाटतो. ते रिटायर झाले तेव्हा भंगारात निघालेला त्यांचा बर्नर आणि पायभाता तू मागून घरी आणलास. रविवारी दुपारी जेवणं झाली की मागच्या पडवीत तू काचेचे मणी करायला बसायचीस. लॅबची काच आपल्या ज्योतीला दाद देत नसे, पण बांगडीची काच मधासारखी वितळायची. कासाराकडून फुटक्या बांगड्यांची पिशवी आणायचं काम माझं. हत्यारं सगळी स्वयंपाकघरातून यायची. मणी गुंडाळायला सायकलच्या जुन्या तारा, गोल करायला पोळपाटाचा फुटका संगमरवरी तुकडा, चपटा करायला सांडशी, ठिपके ओढायला दाभण. मणी तारेला चिकटू नये म्हणून मुलतानी मातीत बंबातली राख कालवून तू तारांना लेप द्यायचीस आणि दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा त्या खिडकीच्या गजांना टांगायचीस. संध्याकाळी दूध उतरवायला सांडशी सापडायची नाही, मी कुरकुरायचे. तू म्हणायचीस, "पदराने उतरव. सांडशी कामावर गेलीय."

मी दहा वर्षांची आहे. तू पहिल्यांदा माझ्या हातात तार दिली आहेस. निळ्या काचेचा, जरा वाकडाच, पण माझा मणी तयार झालाय आणि तू तो सावकाश निवायला कढईतल्या गरम राखेत पुरलायस. "उद्या सकाळी," तू सांगतेस आणि कपडे काढायला अंगणात जातेस. मला राहवत नाही. मी राख उकरते, तार बाहेर काढते. मणी केवढा सुंदर दिसतो! मग टच् असा बारीकसा आवाज येतो आणि त्याची दोन शकलं होतात. तू मागे कधी येऊन उभी राहिलीस कळलंही नाही. ओरडली नाहीस. म्हणालीस, "घाई तुझी, जीव त्याचा गेला." महिनाभर मला तारेला हात लावू दिला नाहीस. त्या महिन्यात मी तुझ्या पाठीमागे बसून नुसता तुझा हात बघत होते. तार सतत फिरती, मनगट सैल, अंगठ्यावर भाजल्याचा जुना पांढरा डाग. मला वाटतं, मी शिकले ते त्याच महिन्यात.

लग्नानंतर मी इकडे यायला निघाले तेव्हा तू वर्तमानपत्रात गुंडाळून सात तारा दिल्यास, घासून, टोकं बोथट करून. "तिथे वेळ मिळेल तुला," म्हणालीस. निघायच्या दिवशी सकाळी बॅगेचं वजन जास्त भरलं. भाजणी ठेवली, गोडा मसाला ठेवला, तारा काढल्या. तू दारातच होतीस. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नेते गं." तू म्हणालीस, "असू दे. तिथे काय कमी आहे?" दोन वर्षांनी सुट्टीवर आले तर त्या सातही तारा कुंड्यांमध्ये मिरचीच्या रोपांना आधार देत उभ्या होत्या. आपण त्यातल्याच मिरच्यांचा ठेचा केला आणि मी पोटभर जेवले.

तुझ्या शेवटच्या आजारपणातही मी घाईतच होते, फक्त ती घाई तुझ्याकडे येण्याची नव्हती. ऑफिसात ऑडिट चालू होतं. फोनवर म्हटलं, "गुरुवारी येते, तिकीट काढलंय." तू म्हणालीस, "ये सावकाश." तू सोमवारी गेलीस. चौदा दिवसांची रजा मिळाली होती, तेवढ्यात भाड्याचं घर रिकामं करायचं होतं. भंगारवाल्याने विचारलं, "ताई, हे पण?" मी बघितलंसुद्धा नाही. "सगळं न्या," म्हटलं. त्यात बर्नर होता, भाता होता, कढई होती. विमानात बसल्यावर आठवलं.

तुझी नात आता सोळाची आहे. मी बोलते मराठीत, ती उत्तर देते इंग्रजीत. माझ्या या वाढदिवसाला तिने मला न विचारता काचेचे मणी शिकवणाऱ्या या क्लासमध्ये माझं नाव घातलं. "ममा, तू प्रत्येक सूकमध्ये बीड्सना हात लावत उभी राहतेस. एव्हरी सिंगल टाइम." इथल्या बाजारांत, सूकमध्ये, मी असं करते हे मला माहीतच नव्हतं. शिकवणारी बाई फिलिपिनो आहे, बारीक, हसरी. पहिल्या शनिवारी तिने नुसती ओळख करून दिली. म्हणाली, सळयांना लावायची पावडर संपलीय, हत्यारांची पेटीही पोर्टवर अडकलीय, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक." बायका हिरमुसल्या. मी घरी आले, अल नहदाच्या आमच्या टॉवरखालच्या कॅफेटेरियात गेले आणि ग्रिलची राख मागितली. काउंटरवरचा मल्याळी पोरगा बघतच राहिला. "दीदी, राख का क्या करेगा?" म्हटलं, "काम है." त्याने डबाभर दिली, वर कबाबाच्या चार जुन्या सळ्याही. मुलतानी माती ग्रोसरीत मिळाली, चेहऱ्याला लावायची. टाइलच्या दुकानातून संगमरवराचा तुकडा आणला. सांडशी घरात होतीच, ती तू दिलेली; लेकीला ती दाखवत म्हटलं, आजी अशाच सांडशीने मणी चपटे करायची.

पुढच्या शनिवारी पेटी काही आली नव्हती. मी पिशवी टेबलावर ओतली तेव्हा बायका हसल्या. पण लेप सुकला, ज्योत लागली, आणि आई, माझं मनगट आपोआप सैल झालं. पंचवीस वर्षं काही केलं नव्हतं, तरी सळई फिरतच राहिली. दुपारी सगळ्याच जणींनी माझ्या सळ्या वाटून घेतल्या. मणी हळूहळू निवायला विजेच्या भट्टीत ठेवले. संध्याकाळ होईपर्यंत मी शेडच्या बाहेर उन्हात उभी राहिले, पण भट्टीच्या दाराला हात लावला नाही.

मणी सुटल्यावर त्या बाईने तो उजेडात धरला, भोकातून आरपार बघितलं आणि विचारलं, "हू टॉट यू?"

मी म्हटलं, "यूट्यूब."

परतताना गाडीत, माझ्यासोबत आलेली लेक म्हणाली, "ममा, व्हाय डिड यू लाय?" सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली.

तुलाच सांगते, हे पत्र काही कुठे पोचणार नाही. मला तुझी लाज वाटली नव्हती. 'माझी आई' म्हटलं असतं, तर तिने पुढे विचारलं असतं, ती अजून करते का मणी? आणि त्याचं उत्तर मला अजून मोठ्याने देता येत नाही.