अठ्ठावन्न नंबरचा जरबेरा

११ फेब्रुवारी २०२३

आज त्रेसष्ट रोपं उपटून फेकली! एकशे बारातली त्रेसष्ट. हात दुखून राहिले, आणि खरं सांगायचं तर मनही.

सहा वर्षांपासून माझा एकच खटाटोप — असा जरबेरा पाहिजे जो रायपूरच्या मे महिन्यात मान टाकणार नाही. आमच्याकडे लग्नं ऐन उन्हाळ्यात, आणि फूल येते सारं बाहेरून, थंड हवेत वाढलेलं. सकाळी मंडपात खोचा, वरात दारात येईपर्यंत देठ वाकून फूल जमिनीकडे पाहून राहते! म्हणून मी दोन जातींचा संकर करते, बिया धरते, रोपं वाढवते, फूल पाहते — आणि नाही आवडलं की उपटते. दया केली की वाण निघत नाही.

हे मीराबाईले कोण समजावणार? अकरा वर्षांपासून माझ्या पॉलीहाउसवर आहे. मी उपटते, ती टोपलीत भरते, आणि दर रोपामागे "च्च, च्च". म्हटलं, "मीराबाई, मयतीले आली का?" तर म्हणते, "जीव तो हे ना दीदी ओमा." असू दे जीव! सगळ्यांचे जीव सांभाळत बसली तर म्हातारी होईन मी.

अठ्ठावन्न नंबरवर मात्र मी जरा थांबली. आई जाड देठाची लाल, बाप पिवळा धमक, आणि पोर अशी? रंग दहा वेळा धुतलेल्या साडीचा. गेली टोपलीत.

१९ मे २०२३

उरलेल्यांपैकी सत्तावीस फुलं जेवणाच्या टेबलावर. एकेक फूल, एकेक पेला, पेल्यावर चिठ्ठी. कूलर बंद, पंखा बंद. नियम माझाच — मंडपात कुठं कूलर असतो? सुशील बनियनवर घामाघूम होऊन वरण-भात जेवत होता. म्हणाला, "विजू, परीक्षा फुलांची आहे का माझी?" म्हटलं, दोघांची. पाणी प्यायले पेला उरला नव्हता, बिचारा तांब्यानं प्यायला.

२२ मे २०२३

तिसऱ्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या. सत्तावीसच्या सत्तावीस. पेले घासून टाकले.

४ जानेवारी २०२४

सुशील सप्टेंबरात रेल्वेतून रिटायर होणार. पॉलीहाउसच्या जागेचा करारही तेव्हाच संपतो. आज जेवताना मीच बोलली — हा उन्हाळा शेवटचा. नाही जमलं तर बंद. वाटलं, नको म्हणेल. तसं काही म्हणाला नाही! नुसती माझ्या ताटात एक पोळी वाढली. त्याले बोलता आलं नाही की असंच करते. पस्तीस वर्षं झाली, दर वेळेस मले ती पोळी खावी लागते.

१० मे २०२४ — अक्ती (अक्षय्य तृतीया)

या वर्षीची निवडक चाळीस फुलं लोकेशले दिली. फूलबाजारात त्याचं दुकान आहे, माझ्यावर माया आहे पोट्ट्याची, नाहीतर कोण लावेल बिननावाचं फूल लग्नात? बारा वाजता त्याचा फोन — "दीदी, दूल्हा अभी घोड़ी पे बैठा भी नहीं, और आपके फूल सो गए."

हसला. मीही हसली. फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन रडली.

११ मे

काही लिहायचं नाही.

३ जून

क्रमानं लिहिते.

मीराबाई पाच दिवसांपासून आली नव्हती. ताप. म्हटलं पाहून येऊ. डिकीत आंबे टाकले आणि मी तिच्या बीरगांवले गेली, भर दुपारी एक वाजता. अकरा वर्षांत तिच्या घरी पहिल्यांदा गेली, ही पण माझी कमालच! आत तिची सून म्हणाली, अम्मा पीछे बारी में सोई है. घरामागं तिची बारी — भेंड्या, कोचईचं अळू, एक मुनग्याचं म्हणजे शेवग्याचं झाड, त्याच्या विरळ सावलीत खाट.

आणि खाटेच्या पायथ्याशी जरबेरा. उघड्यावर! चव्वेचाळीस डिग्रीत! पानांवर कारखान्यांची काळी धूळ. अकरा फुलं. अकराही ताठ, शाळेतल्या प्रार्थनेले उभी असल्यासारखी. रंग पिकलेल्या तेंदूफळाचा, पिवळा-केशरी, मधे लालसर. असा रंग माझ्या पॉलीहाउसात कधी पाहिला नाही. वाकून पाहिलं तर बुडाशी माझीच प्लास्टिकची पट्टी, माझ्याच अक्षरातली. ५८.

आता मी काय करायले पाहिजे होतं? नाचायले पाहिजे होतं! तिले मिठी मारायले पाहिजे होती. मी ओरडली. "न विचारता काहून आणलं? ही चोरी आहे, मीराबाई!" तापानं फणफणलेल्या बाईले. सुनेसमोर.

ती उठून बसली. शांतपणे म्हणाली, "तैं तो फेंक दे रेहे, दीदी. फेंके चीज के का चोरी?" आणि घराच्या भिंतीकडे तोंड करून पडली.

आंबे डिकीत तसेच घरी परत आले.

४ जून

सुशीलले सगळं सांगितलं. वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल. म्हणाला, "लेकरू तुझं होतं, तू फेकलं. तिनं सव्वा वर्ष पाळलं. आणि ओरडली तूच?" मग आंबा कापायले घेतला. कधी कधी या माणसाचा फार राग येते, कारण बरोबर बोलते.

९ जून

मीराबाई आली नाही. ताप उतरला म्हणते तिचा पोरगा. म्हणजे मुद्दामच येत नाही.

आणि माझं मन किती नीच! सकाळी नळी जोडताना डोक्यात आलं — रोप माझं, नंबर माझा, वहीत आईबाप लिहिलेले. गाडी घेऊन जावं आणि काढून आणावं, कोण अडवते? मग तिची खाट आठवली, आणि लाज वाटली. एक फूल नसलं तरी चालेल, पण ही बाई नसली तर मी कोणाले बोलू दिवसभर? टोमॅटो महागले ते कोणाले सांगू? तिच्याशिवाय पॉलीहाउस खायले उठते.

१२ जून

गेली. मीराबाईकडे. नवे आंबे घेतले, जुने सुशीलनं संपवले.

दारातच म्हटलं, "चुकलं माझं. लई चुकलं." तिनं खाटेवर बसवलं. पाणी दिलं. मी भेंड्या पाहत बसली. मग एकदम म्हणते, "तोला गुस्सा बहुत आथे, दीदी." म्हटलं हव, माहीत आहे मले. "जीजा कइसे रथे तोर संग?" आणि लागली हसायले! सुशीलची कीव करून दोघी पोट धरून हसलो.

मग तिनं सांगितलं. टोपलीतली बरीच रोपं तिनं घरी नेली होती त्या दिवशी. फेकवेना म्हणून. पहिल्या उन्हाळ्यात सगळी मेली, हे एकच राहिलं. तिनं काही वेगळं केलं नाही — भांडी धुतलेलं पाणी, आणि शेणखत आठवण झाली तर. "आणि ही पट्टी काहून ठेवली?" तर म्हणे, "डॉक्टर के चिठ्ठी असन लागिस." वाचता येत नाही तिले. पण त्या पट्टीवरूनच माझ्या वहीत आईबाप सापडले. मीराबाई, पाय धरावे तुझे!

रोप घेऊन जा असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही. चार फुलं मात्र तिनं स्वतः काढून दिली — बुडाशी धरून, पिळून, मी शिकवलं तसं. कापली नाहीत.

२१ जून

नववा दिवस!! चारही ताठ! कूलर बंद, पंखा बंद, घरात पाय ठेववत नाही इतकी उकाड्याची खोली, आणि ही चौघं पेल्यांत उभी. सुशीलनं आज स्वतःहून पाणी बदललं त्यांचं.

लोकेश पाहायले घरी आला, थेट आमच्या तात्यापाऱ्यात, दुकान सोडून. देठ बोटांनी चाचपला. "दीदी, इसमें तार डाला है क्या?" म्हटलं, तोडून पाहा. खरंच तोडलं त्यानं! आत तार नाही. म्हणाला, पुढच्या अक्तीले एवढंच फूल लावीन, दुसरं नाही.

आता कळते माझा मूर्खपणा. उन्हाळ्यात टिकणारं फूल मी पॉलीहाउसात, फॉगरच्या तुषारांच्या गारव्यात शोधून राहिली होती. जे गारव्यात छान दिसलं ते ठेवलं, आणि जे उन्हासाठीच जन्मलं होतं ते फिक्कं दिसलं म्हणून फेकलं. शिकलेली बाई मी, एमएस्सी!

पण जीव टांगलेला. अख्ख्या जगात एकच रोप. एक बकरी आली, की संपलं.

५ जुलै

पाऊस लागला. एका लॅबशी बोलली, ते एका रोपाची हजारो करून देतात, पण त्यांले जिवंत रोप पाहिजे. भीत भीत मीराबाईले विचारलं. ती म्हणाली, अख्खं देत नाही, वाटे करू. आणि विळा घेऊन बसली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाच वाटे झाले होते, प्रत्येकाले मूळ, प्रत्येकाले कोंब. तीन मले, दोन तिले. नवी मुळं धरली की एक लॅबले पाठवीन. मी तर खूश — माझ्याकडे पॉलीहाउस, औषधं, सगळं. तिच्याकडे चिखल.

१६ जुलै

दोन सडले. माझ्याकडचे.

१९ जुलै

तिसरंही गेलं. गाभ्यात बोट घातलं तर मऊ. काळजीनं मीच रोज पाणी घालत होती, सकाळी एक, संध्याकाळी एक! मीराबाईनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला, "पानी झन डार, केहे रेहेंव ना!" पाणी घालू नको, सांगितलं होतं तिनं. ऐकलं नाही मी. तिच्याकडचे दोन्ही मातीच्या उंचवट्यावर मजेत.

आज तिनं मले रागावायचा हक्क पूर्ण वापरला. सुशीलनं चहा दिला तिले, वर म्हणाला, आणखी बोला.

२० जुलै

सकाळी मीराबाई आली. हातात लुगड्याचा ओला तुकडा, त्यात गुंडाळलेलं रोप. दोनातलं एक. मी मागितलं नव्हतं. "ले. लेब मा भेज." तिच्याकडे आता एकच राहिलं. तिच्यासाठी दोन पोळ्या जास्त केल्या.

१४ ऑगस्ट

लॅबचा फोन. रोप साफ आहे, बाटलीत चौदा कोंब फुटले! चौदा! पुढच्या महिन्यात शंभरावर जातील म्हणते तो मुलगा.

सुशीलले सांगायले स्टेशनवर फोन लावला. तो म्हणाला, कराराचं मी परवाच बोलून आलो, पाच वर्षं वाढवला. परवाच! म्हणजे लॅबच्या फोनच्या आधी. विचारलं, नसतं जमलं तर? म्हणाला, "तर घरात तू बसली असती का? मले जगायचं आहे."

१८ ऑगस्ट

लॅबचा फॉर्म. दोन रकाने अडलेले. 'वाण कोणी काढला' — तिथं मी दोन नावं लिहिली, तिचं आधी. संकर मी केला, पण निवड तिची, आणि निवड हेच तर खरं काम. दुसरा रकाना, वाणाचं नाव. लेकीले, स्वरदाले फोन केला तर पोट्टी म्हणते, "मम्मी, अपना नाम रखो ना! या फिर समर क्वीन टाइप कुछ." म्हटलं, क्वीन तुझ्या घरी ठेव.

लिहिलं — मीराबाई. एकदा लिहिलं, मोठ्यानं वाचलं, पाठवून दिलं. आता बदलत नाही. फक्त सुशीलले माहीत. राखी झाली की ती कामावर येईल, तेव्हा सांगीन. तिचं तोंड पाहायचं आहे मले.

२० ऑगस्ट

ती आली ती तळ्यावर भोजली शिरवून — राखीनंतर गव्हाचे कोंब पाण्यात सोडतात इकडे — नवं लुगडं नेसून. मी तोंड उघडायच्या आत त्यातलेच पिवळे कोंब माझ्या कानामागं खोवले, माझ्या हातानं स्वतःच्या कानामागं खोवून घेतले — "सीताराम, भोजली!" सखी केलं तिनं मले, जन्माची. इकडची रीतच आहे ही. आता मी दीदी नाही, मालकीण नाही. आणि दोघींनी मरेपर्यंत एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, नुसतं भोजली म्हणायचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून नवऱ्याचं नाव घेणारी मी, हिचं घ्यायचं नाही! खूप रडली.

तेवढ्यात लोकेशचा फोन. "दीदी, उस फूल का नाम क्या रखा? बाज़ार में सब पूछ रहे हैं." ती समोर उभी, डोळे पुसत. मी फोन कापला आणि सुशीलले मेसेज केला — लोकेशले नाव तू सांग. मले आता घेता येत नाही.