अकरा वर्षं सीमारेषेवर

३ जानेवारी १९७९, देवळी

अच्युत शाळेत आला. हा एके काळी माझ्याच वर्गात अंगठे धरून उभा असायचा. आता क्रीडा मंडळाचा सचिव! म्हणे, "बाई, चंद्रभानजींचा सत्कार ठरला. एकवीस तारखेला. स्मरणिकेत त्यांच्या कारकिर्दीवर तुम्ही चार पानं लिहा."

चार पानं! ह्यांची कारकीर्द म्हणजे गिरणीच्या क्रिकेट संघात अकरा वर्षं सीमारेषेवर उभं राहणं. धावा विचारू नयेत. गोलंदाजी कुणी दिली नाही. चेंडू लांब गेला की हे पळत. चार पानांत किती पळवू?

५ जानेवारी

लिहायला बसले. १९४७ ते ५८. कागदोपत्री हजेरी-कारकून — स्वतःची हजेरी फक्त मैदानावर. गिरणी पगार द्यायची तो झेल घेण्याचा, आणि झेल मात्र ह्यांनी घेतले, हे कबूल करायला हवं. एकदा आर्वीच्या सामन्यात मैदानात म्हैस शिरली. तिला एका हाताने ढकलून दुसऱ्या हाताने झेल घेतला, असं हे सांगतात. मागच्या वर्षापर्यंत ती गाय होती.

तरीही एक खरं. नागपूरच्या मैदानावर मी स्वतः पाहिलंय — सीमेवरून फेकलेला चेंडू टप्पा न पडता यष्टीवर. माणसं उभी राहिली होती. मीही.

७ जानेवारी

अच्युतने प्रमुख पाहुणे ठरवले. दत्तोपंत! प्रांताच्या संघाचे जुने निवडसमितीवाले. घरात स्फोट.

पंचवीस वर्षं मी एकच शिवी ऐकतेय. १९५३ साली ह्यांची प्रांताच्या संघात निवड नक्की होती, दत्तोपंताने ऐनवेळी नाव कापलं. आज पुन्हा ओसरीत येरझारा. "तार धाडतो म्हणे! कोठी हाय तार? धाडलीच नाई हरामखोरानं!" सासूबाई दाराशी वाती वळत बसलेल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कान शाबूत. मी म्हटलं, "अहो, हळू. गल्ली ऐकतेय." "आयकू दे ना! स्टेजवर त सारं देवळी आयकन."

हे खरंच स्टेजवर बोलणार.

१२ जानेवारी

स्मरणिकेसाठी दत्तोपंतांना संदेश मागितला होता. उत्तर आलं. थरथरतं अक्षर. "नोव्हेंबर ५३ मध्ये मी स्वतः चंद्रभानला तार केली. तो आला नाही, दोन ओळी कळवल्याही नाहीत. पगारी पोरांना माज असतो, असं मी समितीत म्हणालो आणि पुन्हा त्याचं नाव निघू दिलं नाही. आता राग उरलेला नाही. सत्काराला जरूर येईन."

दोघांपैकी एक खोटं बोलतोय. ह्यांना पत्र दाखवलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

रोहण्याहून नलू आली — किसनमामांची मुलगी, ह्यांची मामेबहीण. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ, ते जाऊन सात वर्षं झाली. सासूबाई देवळात गेल्या होत्या. आम्ही दोघी तिळाचे लाडू वळत होतो. नलू हसत सुटली.

"वहिनी, तुम्हाले मालूम नाई? आत्याबाई एकडाव आमच्या घरी माह्या बाच्या नावानं रडत आलत्या! गावच्या वेशीपासून — माह्या किसना रे, कसा गेला रे! आन बा अंगणात बसून भाकर खाऊन राह्यलता. बा म्हणे, बाई, मी मेलो त हे भाकर कोन खाऊन राह्यलं वो?"

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी.

"पण रडल्या कशाला?"

"तार आलती ना इथं. बा टायफाइडनं पडला होता त्या महिन्यात. आत्याबाईले वाटलं, गेलाच. तार फाडून फेकली, आंघोळ केली, निंगाल्या."

वाईट बातमीचा कागद घरात ठेवायचा नाही, उंबऱ्याबाहेर फाडून टाकायचा — ही रीत. फक्त लोक आधी वाचतात! सासूबाईंना वाचता येत नाही, आणि तार म्हटली की मेल्याचीच. घरात दुसरं कुणी नव्हतं. हे गिरणीच्या संघाबरोबर हिंगणघाटला.

"कधीची गोष्ट?" मी विचारलं.

"तुमी माहेरी होत्या ना, पहिल्या बाळंतपणाले."

नोव्हेंबर ५३. हातातला लाडू मोडला.

१५ जानेवारी

ह्यांना सांगितलं, तर हे आईवर ओरडतील. ओरडण्याखेरीज ह्यांना दुसरं काही येत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या माउलीला कळायचं, की मुलाचं एकुलतं एक स्वप्न आपण उंबऱ्याबाहेर फाडून टाकलं! आणि नाही सांगितलं, तर भर सभेत एका निर्दोष म्हाताऱ्याची अब्रू जाईल.

१८ जानेवारी

ह्यांनी भाषण लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवलं. "दत्तोपंतजी, तुम्हाले पोस्टाचा रस्ता मालूम नव्हता काय?" मी म्हटलं, "नाव न घेता बोला." — "काऊन? त्याच्या पार्टीत गेल्या काय, हेडबाई?"

तोंड उघडलं. सासूबाई समोर. मिटलं.

२० जानेवारी

सांगितलं नाही. एका नजरेत पाचशे पोरं रांगेत उभी करणारी मी. भित्री!

२१ जानेवारी

सत्कार झाला. दत्तोपंत आधी बोलले. काठी टेकत उभे राहिले आणि सरळ म्हणाले, "चंद्रभान, मी तुला तार केली होती. का आला नाहीस, एवढं आज सांग."

सासूबाई पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही.

हे उठले. खिशातून कागद काढला, रांगेकडे पाहिलं, कागद परत खिशात. "तार आलती. मले भेटलीही. म्याच फाडली. माज होता तवा. दत्तोपंतजी, पंचवीस साल तुम्हाले फुकटच्या शिव्या देल्या. माफी करजा."

दत्तोपंतांनी मिठी मारली. टाळ्या. अच्युत तर रडलाच.

मी सांगितलं नव्हतं. नलूला विचारलं — तिनेही नाही! घरी येताना रिक्षात म्हटलं, "तारेचं तुम्हाला कधी कळलं?"

"कोन्ती तार?" म्हणाले, आणि नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

२२ जानेवारी

सकाळी सासूबाईंची वेणी घालत होते. पाठमोऱ्याच बोलल्या.

"सुनबाई, चंदू काल खोटं बोलला वो. तार म्या फाडलती. चिंधू पोस्टमननं त्याले सांगतलं तवाच — मी दाराआडून आयकलं. पन टीम निंगून गेलती. त्या दिवसापासून वरडते, तार धाडलीच नाई, धाडलीच नाई. मले आयकू यावं मनून वरडते बिचारा. मी आयकून घेतो."

माझा हात थांबला. त्यांनी मान किंचित मागे केली — घाल वेणी.

"त्याले सांगू नोको, मले मालूम हाय मनून."

नाही सांगणार.