खंडेनवमीला बंद ठेवलेली पेटी

नांदे, ता. मुळशी
४ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. जनार्दनकाका यांस,
जुईलीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून पत्र. आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. २१ सप्टेंबरला मी वीस लिटर बिअर आंबायला ठेवली.
२. ती सतत बारा अंशांवर राहावी म्हणून मी स्वतः एक पेटी बनवली आहे. पेटी घरमालकांच्या रिकाम्या गोठ्यात असते.
३. ३० सप्टेंबरला कंपनीच्या कामासाठी चेन्नईला गेले. निघताना पेटी बारा अंशांवर होती.
४. १ ऑक्टोबरला खंडेनवमी. घरमालक नथूदादांनी ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, विळे आणि कोयत्यांबरोबर माझ्या पेटीचीही पूजा केली. पूजलेलं यंत्र चालवायचं नसतं म्हणून त्यांनी तिची वायर काढली.
५. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर त्यांनी वायर पुन्हा लावली.
६. ३ तारखेला मी परत आले. दारावर हळदकुंकवाचं स्वस्तिक होतं आणि तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरला झेंडूचा हार. नोंदीप्रमाणे बिअर साडेअठरा अंशांपर्यंत चढून गेली होती.

मी बिअर करते हे तुम्हाला माहीत नव्हतं. परवान्याच्या कागदपत्रांचं मी बघितलं आहे, त्याची काळजी नको. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, तेही सांगते. पौड रस्त्यावर एक छोटी ब्रुअरी आहे. तिच्या मालकीण सुलक्षणाताई यांना हाताखाली एक ब्रुअर हवा आहे. मला सॉफ्टवेअर सोडून ते काम करायचं आहे. जुलैत मी त्यांना पहिली बिअर नेऊन दिली. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि लोण्याचा वास येतोय असं सांगितलं. तो येत होता. त्यांनी आणखी एकच संधी दिली, २६ ऑक्टोबरची. ही बिअर तयार व्हायला महिन्याच्या वर लागतो, म्हणजे आता नवी करायला वेळ नाही. जे आहे ते पेटीतच आहे.

पेटीचं सांगते. भंगारातून एक दरवाजाचा जुना फ्रिज घेतला, दार काढलं आणि पुढे प्लायवूडचं खोकं जोडलं. सगळीकडून सहा इंच थर्माकोल. सांधे फोमने भरले. आत मोबाइलचा टॉर्च लावून ठेवला, गोठ्यात अंधार केला आणि जिथून उजेड दिसला ती फट बुजवली. असं चार वेळा केलं. तापमान मोजणारी तार ड्रमला चिकटवून वरून स्पंज बांधला, म्हणजे हवेचं नाही, बिअरचं तापमान कळतं. बिजागऱ्या मात्र नथूदादांनी दिल्या, गोठ्याच्या जुन्या फाटकाच्या. त्या पेटीपेक्षा जड आहेत. ड्रममध्ये चौथा हिस्सा त्यांच्याच शेतातला इंद्रायणी तांदूळ आहे, बाकी जवाचं माल्ट.

मी नथूदादांवर ओरडले नाही. यापुढे पेटीला हात लावू नका एवढंच म्हणाले आणि गोठ्याला कुलूप लावलं.

तुम्ही तीस वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होता, त्याआधी दोन वर्षं बिअरच्या कारखान्यात. बिअर फेकायची की ठेवायची, एवढं सांगा. लोभ आहे तेवढा पुरेसा आहे, कमी मात्र होऊ देऊ नये.

आपली,
जुईली


कराड
८ ऑक्टोबर २०२५

चि. जुईलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकीट बघून तुझ्या काकूला वाटलं, पोरीने लग्न ठरवलं. उघडल्यावर एक ते सहा आकडे दिसले तेव्हा तिने ते न वाचताच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली की हे तुमच्या खात्याचं आहे. आकडे घालून दुःख सांगणारी माणसं या घराण्यात दोनच, एक तू आणि दुसरा मी.

फेकू नकोस.

पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तुझे साडेअठरा. बाहेर अठ्ठावीस अंश असताना, वायर काढलेली पेटी दीड दिवसात तेवढंच चढते, याचा अर्थ पेटी झकास झाली आहे. आमच्या कारखान्याच्या गार खोलीला हे जमलं नसतं, आणि ती तर मोठ्या कंपनीने बांधलेली होती. पेटी चाळणीसारखी असती तर बिअर थेट अठ्ठावीसवर गेली असती, मग मीच तुला गटार दाखवलं असतं.

आता लोण्याचं. यीस्ट साखर खाता खाता मध्येच लोण्याच्या वासाचं एक द्रव्य बाहेर सोडतं. काम संपत आलं की ते स्वतःच परत खाऊन टाकतं. पण त्यासाठी शेवटी त्याला दोन दिवस थोडी ऊब लागते. तू जुलैत बारा म्हणजे बारा धरून बसलीस. यीस्ट गारठून झोपलं आणि लोणी तसंच राहिलं. जुने ब्रुअर शेवटी मुद्दाम सोळा-अठरापर्यंत चढू देतात. हे तुझ्या पुस्तकात नक्की असणार. तुला काटा जागच्या जागी ठेवणारी पेटी जमली आणि ती इतकी आवडली की तू ते पान उलटलंस, असा माझा संशय आहे.

तुझ्या नथूदादांना यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांनी वायर काढली ती वेळ नेमकी बसली असावी. असावी म्हणतो, बसलीच असं नाही. खात्री अशी करायची: दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घे. दोन्ही झाक. एक कढत पाण्यात अर्धा तास ठेव, मग दोन्ही सारखे गार करून हुंग. तापवलेल्या पेल्याला लोण्याचा वास आला तर द्रव्य अजून लपून आहे, पेटी आणखी दोन दिवस उबेत ठेव. दोन्ही स्वच्छ असतील तर सावकाश खाली उतरव, दोन अंशांपर्यंत, आणि २६ तारखेपर्यंत तिच्या वाटेला जाऊ नकोस.

पेल्यांचं झालं. कुलपाचं काय? काकू विचारते की तुला रोज भाकरी पाठवणाऱ्या घरमालकीणबाईंनी शेवटची भाकरी कधी दिली.

तुझ्या बाबाला मी काही बोलत नाही. तो परवा विचारत होता की जुईली सुट्टीच्या दिवशी गोठ्यात काय करते. मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचे फायदे आहेत.

आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे हे लिहायला नको, तरी लिहिलं.

तुझा,
जनार्दनकाका


नांदे
१३ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. काका आणि काकू यांस,
सा. न. वि. वि.

दोन्ही पेले स्वच्छ निघाले. माझं नाक पक्षपाती असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं आणि कुठला पेला तापवलेला ते न सांगता दोन्ही चंद्राबाईंना हुंगायला दिले. चंद्राबाई म्हणजे नथूदादांची बायको. त्यांनी दोन्ही हुंगले आणि म्हणाल्या की दोनी सारकीच घान हायेत. हा निकाल मी ग्राह्य धरला. पेटी रोज दोन अंशांनी खाली आणते आहे.

तुमचा संशय खरा आहे. पुस्तकात ते पान आहे. तिथे 'ऐच्छिक' लिहिलं आहे. ऐच्छिक गोष्टी मी करत नाही.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर: ३० सप्टेंबर. त्यानंतर भाकरी आली नव्हती. मला ते लक्षातच आलं नव्हतं, मला वाटलं त्या सणात आहेत. पेले द्यायला गेले तेव्हा त्या भुईमूग फोडत होत्या आणि मला बस म्हणाल्या नाहीत. हुंगून झाल्यावर स्वतःहून बोलल्या. म्हणाल्या की आमच्या दारात भाडेकरूंच्या सात गाड्या हायेत, आमी कदी कुनाच्या गाडीला हळद लावली न्हाई, ज्याचं त्यानं बगावं. तुजी पेटी आमच्या गोठ्यात हाय, तिला बिजागरी आमची, पोटात भात आमचा, मग ती काय परकी व्हय? तर तू कुलूप घातलंस.

मी शेंगा फोडायला बसले. त्यांनी माझ्या फोडलेल्या शेंगांतून अर्धे दाणे परत वेचून काढले, कारण मी टरफलंही त्याच सुपात टाकत होते.

नथूदादा संध्याकाळी आले. त्यांना मी वायर काढल्याने काय झालं ते समजावलं, चुकून बरोबर झालं हेही. त्यांना त्याचं फार कौतुक वाटलं नाही. ते म्हणाले की पेटी रातदिस गुरगुरत व्हती, म्हनलं बैलाला पोळ्याला सुट्टी असती, हिला एक दिस गप पडू दे. मग विचारलं की पुढच्या येळी कवा बंद करायची ते आधीच सांग, म्हंजे मी कुठं जात न्हाई. जुलैची बिअर त्यांनी चाखली होती. ती लई पानचट हाय असं त्यांचं मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता कमी आहे.

गोठ्याचं कुलूप काढलं. मोटरच्या खोलीचं बिघडलं होतं, ते तिथे बसवलं. दुसऱ्या दिवशी भाकरी आली, सोबत खेकड्याचा रस्सा. मी खेकडे खात नाही हे त्यांना माहीत आहे. खाल्ले.

२६ तारखेची मला भीती वाटते आहे. हे मी इथे कुणाला सांगितलेलं नाही. तुमचा लोभ या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त लागेल.

आपली,
जुईली


कराड
१७ ऑक्टोबर २०२५

चि. जुईलीस,
अ. उ. आ.

यावेळी काकू लिहिते आहे. काका बाजूला बसून सांगतायत की तापमानाचं लिही. मी लिहिणार नाही.

खेकडे खाल्लेस हे वाचून मला जेवढा आनंद झाला तेवढा तुझ्या इंजिनिअरिंगच्या निकालाला झाला नव्हता. त्या बाईंना माझा नमस्कार सांग. सोबत चकल्यांचा डबा पाठवते आहे, अर्धा त्यांना द्यायचा. मोजून अर्धा नको, त्यांना जास्त दे.

भीतीचं म्हणशील तर वाटू दे. तुझ्या काकांनी पहिल्यांदा टाकी मंजूर केल्याची सही केली त्या दिवशी ते जेवणाचा डबा न उघडता घरी घेऊन आले होते. मला सांगितलं की वेळ मिळाला नाही. मला ते खरं वाटलं असं तीस वर्षं मी त्यांना भासू दिलं, आता हे पत्र ते वाचतायत.

एकच सांगणं. सुलक्षणाताईंपुढे बँकेत उभी राहतेस तसा चेहरा करून उभी राहू नकोस. तुला ते काम किती हवं आहे ते आम्हाला कराडात बसून दिसतं, समोरच्या माणसाला दिसत नाही. थोडं दिसू दे.

दिवाळीला आली नाहीस तरी रागावणार नाही, पण त्यानंतर यायलाच हवं. माया आहे तशीच, यावेळी चकल्यांसकट.

तुझी,
रजनीकाकू


नांदे
२८ ऑक्टोबर २०२५

ती. स्व. काका आणि काकू यांस,
सा. न. वि. वि.

चकल्या पोचल्या. चंद्राबाईंना निम्म्याहून जास्त दिल्या. तेल कमी प्यायल्यात, म्हंजे मोहन चांगलं जमलंय असं त्यांनी काकूंना कळवायला सांगितलं आहे.

२६ तारखेचं सांगते, यावेळी आकडे न घालता.

आदल्या संध्याकाळी मी सुलक्षणाताईंना द्यायचा तक्ता तयार करत होते. कुठल्या दिवशी किती तापमान होतं, ते त्यांना लागतं. १ आणि २ ऑक्टोबरच्या रकान्यात 'नियोजित वाढ' असं लिहिता आलं असतं. आलेख बघून कुणालाही ते खरं वाटलं असतं, इतका तो पुस्तकातल्यासारखा आहे. आणि जुलैत मला जे ठाऊक नव्हतं ते आता ठाऊक झालं आहे, असं त्यातून दिसलं असतं. मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी लिहिलं: 'खंडेनवमीनिमित्त यंत्र बंद. घरमालकांनी केले. मला माहीत नव्हते.'

सुलक्षणाताईंनी आधी बिअर उजेडात धरली, मग हुंगली, मग प्यायल्या. तक्ता मागितला. वाचता वाचता त्या रकान्यापाशी थांबल्या आणि मला विचारलं की हे काय आहे. मी सगळं सांगितलं: हार, नारळ, बैलाची सुट्टी, तुमचे दोन पेले, चंद्राबाईंचा निकाल. बराच वेळ बोलत होते. इतकं बोलल्याचं मला नंतर लक्षात आलं. त्या हसत होत्या, आणि हसता हसता त्यांनी स्वतःला दुसरा ग्लास भरून घेतला. मग म्हणाल्या की या दोन दिवसांचं श्रेय तू घेतलं असतंस तर मला कळलं नसतं, पण पुढे कधीतरी टाकी बिघडली असती तेव्हा तू ते मला सांगितलं नसतंस, आणि मला सांगणारं माणूस हवं आहे.

काम मिळालं. १ डिसेंबरपासून.

घरी आले तेव्हा नथूदादा ट्रॅक्टर धूत होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले की मग आता गोठा रिकामा करनार का. मी नाही म्हणाले, पेटी राहील, मला घरी प्रयोग करायला लागेल. त्यांनी मान हलवली आणि पाण्याचा पाइप पुन्हा ट्रॅक्टरकडे वळवला. थोड्या वेळाने चंद्राबाईंनी खिडकीतून ओरडून विचारलं की पगार वाडला का कमी झाला. कमी झाला म्हटल्यावर त्या म्हणाल्या की मग येडीच हाय पोरगी, आणि रात्री पुरणपोळी पाठवली.

बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं की दादाला, म्हणजे तुम्हाला, माहीत आहे का. हो म्हटलं. मग ठीक आहे, म्हणाले. त्यामुळे आता तुम्हाला ऐकू आलं नाही असं दाखवता येणार नाही.

ब्रुअरीत पहिलं काम म्हणजे हीच बिअर, पण पाचशे लिटरच्या टाकीत. सुलक्षणाताईंनी ती पूर्णपणे माझ्यावर सोडली आहे. पाचशे लिटर वीस लिटरसारखे उबदार होत नाहीत, ते किती वेळ घेतील याचं गणित मी केलं आहे. सोबत जोडलं आहे, ते तपासा. मला वाटतं ते बरोबर आहे. तरी टाकी भरताना मला तिथे एकटीने उभं राहायचं नाही. असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही, म्हणून कसं म्हणायचं ते नीट माहीत नाही. तुम्ही दोघं या. काकूंची सोय चंद्राबाईंकडे आहे, त्यांनीच ठरवून टाकलं आहे. टाकीच्या खोलीत पंपांचा इतका आवाज असतो की तिथे कुणालाच काही ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. तुम्हाला सोपं जाईल.

लोभ आहे हे मला माहीत आहे. आता तो इथे येऊन करावा.

टाकी ३ डिसेंबरला सकाळी भरायची आहे. येणार की नाही ते १५ नोव्हेंबरपर्यंत कळवा.

तुमची,
जुईली