बिनतोंडाची ताटली

१ डिसेंबर, सोमवार
नेरच्या प्रशिक्षणातून आल्यापासून डोक्यात होतं, ते आज एकदाचं मांडलं. अंगणवाडीतल्या पाच जुन्या ताटल्या घासून घेतल्या. चारांवर तोंडं काढली: खुशी, राग, रडू, भेव. रागाचं तोंड थेट पर्यवेक्षिका मॅडमसारखं झालं. मुद्दाम नाही केलं. पाचवी कोरी ठेवली. प्रशिक्षणात चारच होती, पण काय वाटते तेच समजत नसलं तर लेकरानं जावं कुठं? माझे स्वतःचे अर्धे दिवस तसेच जातात.
प्रत्येकाला एक चिंचोका, वर रंगाची खूण. सकाळी आलं की आपला चिंचोका, जसं वाटते त्या ताटलीत.
कांताबाई (मदतनीस) म्हणते, "पोट्ट्यायले भूक लागते बाई, तेवढंच समजते त्यायले." तिला सगळ्यातच तेवढं दिसते.

३ डिसें., बुध.
जमून राह्यलं. सोहम रोज 'राग', कारण बूट घालावे लागतात. आज तोंड वाचायचा खेळ. मी तोंड करायचं, त्यांनी ओळखायचं. आरू सगळ्यात हुशार. पाच वर्षांची आहे, पापणी न हलवता पाहते. मी खुशीचं तोंड केलं तर म्हणे, "हसून राह्यल्या, पन राग हाये तुमाले."
होताच. सकाळपासून हजेरीच्या ॲपनं माझा फोटो तीनदा परत फेकला होता.

५ डिसें., शुक्र.
आरूची आजी आली, पदरानं तोंड पुसत. सुनेला सातवा महिना, रात्री अंगावरून जायला लागलं, मुलानं यवतमाळला दवाखान्यात नेलं. "पोरीले काई सांगू नका, बाई. मामाच्या गावाले गेली म्हना, मारेगावले."
बरं म्हटलं. आता वाटते, फार लवकर म्हटलं.

६ डिसें., शनि.
हजेरी १८. चिंचोके १९.
दोनदा मोजले. एकोणिसाव्यावर खूण नाही, भेवच्या ताटलीत. आरू म्हणाली, "हा मम्मीचा हाये."
"मम्मी तर मामाकडं गेली ना?"
ती माझ्याकडे पाहत राहिली. मी चिंचोका तिथंच राहू दिला. लेकराची भावना नाकारायची नाही, असं प्रशिक्षणातून वहीत मीच लिहून आणलं होतं.

९ डिसें., मंगळ.
सकाळी आजीचा फोन. काल बाळ झालं, मुलगा. दोन महिने आधी. काचेच्या पेटीत ठेवलं आहे. आरूला कळू द्यायचं नाही.
शाळेत आले तर रडूच्या ताटलीत तुरीचा एक दाणा. चिंचोका नाही, तुरीचा दाणा. एवढासा.
"हा कोनाचा गं?"
"बाळाचा."
आता पोट तर तिनं पाहिलंच होतं आईचं. बाळ येणार हे तिला माहीत असणारच. स्वतःला असं तीन-चारदा सांगितलं.

११ डिसें., गुरु.
दहा वाजता, हजेरी घेताना. तुरीचा दाणा कोऱ्या ताटलीत.
मी आपलं समजावून सांगायच्या आवाजात, "बाळाले समजत नाही का, काय वाटते ते?"
"नाई. त्याले काईच नाई वाटत आता."
खिचडी वाढली. कुणाला दोनदा वाढली, कुणाला नाहीच. एक वाजता आजी आली. बाळ सकाळी गेलं. आरूला सांगू नका म्हणाली, परत.
आरू तिथंच हात धूत होती. आजीकडे वळूनही पाहिलं नाही.

१२ डिसें., शुक्र.
कांताबाई म्हणते ताटल्या नदीत टाका, हे काही बरं नाही. मी तिला झापलं. लेकरांच्या खेळात करणीबिरणी पाहू नको म्हटलं. मग झाडताना पाहिलं, ती त्या ताटलीभोवतून झाडते.
मीही तो दाणा उचलला नाही. लेकरंही कोऱ्या ताटलीत काही टाकत नाहीत आता. कुणी सांगितलं नाही त्यांना.

१५ डिसें., सोम.
समजलं. समजलं असं वाटते.
आज दारापासून पाहत होते. आरू आली की आधी ताटल्यांकडे जात नाही. माझ्यासमोर येऊन उभी राहते, माझं तोंड पाहते, मग आईचा चिंचोका ठेवते. रोज साडेआठला आजीचा फोन येतो अन् मी तेच तोंड घेऊन शाळेत येते. मला धाकधूक, तर आईचा चिंचोका भेवमध्ये. म्हणजे पोरगी आईची खबर माझ्या तोंडावर वाचत होती. मीच शिकवलं! आणि वर मीच खोटं बोलत होते. लाज वाटली. पण जीवही हलका झाला, कारण यात भिण्यासारखं काही नाही.
फक्त, ११ तारखेला दहा वाजता मलाच काही माहीत नव्हतं.
लिहून ठेवते.

१६ डिसें., मंगळ.
आजीच्या घरी गेले. सांगितलं, माझ्यानं आता खोटं बोलणं होत नाही, पोरगी आतल्या आत एकटी पडून राह्यली आहे. आजी आधी चिडली. "पाच वर्साच्या लेकराले मरन सांगता?" मग रडली. "मंग तुमीच सांगा. माह्याच्यानं नाई होत."
सून बरी आहे. परवा सुटी देतात म्हणे.

१८ डिसें., गुरु. दुपारी चार
साडेआठला आजीचा फोन. सून चहा-पोळी खाऊन चालूनफिरून राह्यली, संध्याकाळी घरी येते. आजी आरूला माझ्याकडे सोडून तिला आणायला यवतमाळला गेली. मला इतकं बरं वाटलं की कांताबाईला गूळ दिला खायला.
बाकीची लेकरं घरी गेल्यावर आरूला मांडीवर घेतलं. सगळं सांगितलं. दवाखाना, काचेची पेटी, बाळ आता नाही. मी चुकले, खोटं बोलले, हेही सांगितलं. रडले मीच.
ती म्हणाली, "मले मालूम होतं." मग, "आन मम्मी?"
"मम्मी बरी आहे. आज येते."
खरं होतं. इतक्या दिवसांत तिला इतकं खरं मी बोललेच नव्हते. तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, लई वेळ पाहिलं. हात गार होते. मग उठली, भेवमधला आईचा चिंचोका घेतला आणि कोऱ्या ताटलीत ठेवला. तुरीच्या दाण्याजवळ. मग म्हणे भूक लागली. उरलेली खिचडी सगळी खाल्ली.
आजीला चार फोन केले. घंटी वाजते, उचलत नाही. कांताबाई म्हणते, गाडीत आवाज येत नसंन. असंन तसंच.
आरशात तोंड पाहून आले. काही नाही त्यावर.

साडेपाच
गाडीची वेळ झाली. आरूला म्हटलं, चल, मम्मीला आणायला फाट्यावर जाऊ. नाही म्हणाली. रस्त्याकडे पाठ करून ताटल्यांपाशी बसली आहे.
मला राहवेना. तो चिंचोका उचलून खुशीच्या ताटलीत ठेवला. तिनं पाहिलं. परत हलवला नाही.
"हे तुमची खुशी हाये, बाई," म्हणाली. "मम्मीची नाई."
फाट्यावर गाडीचा हॉर्न वाजला आत्ता. मी जाते.