सामूच्या मांडीला चाटून गेलेली गोळी

येडगाव

चि. प्रज्ञा हिस,

मामाचा भरभरून जयभीम. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझी आणि जावईबापूंची खुशाली कळव (त्यांची पाठ अजून दुखते का? आधी गादी बदला). तुझ्या मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नारायणगावात नीट झालं. काळा चष्मा लावून ती ओट्यावर बसते आणि मी चहात साखर किती घातली ते तिथूनच सांगते. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण चष्मा लागल्यापासून तिचे कान फार तिखट झालेत.

विषय तुझ्या पुस्तकाचा. अमेरिकेतल्या यादवीवरची ती जाडजूड कादंबरी तू ग्रंथालयातून काढून पाठवलीस आणि डॉक्टरांनी मामीला वाचायची बंदी केली, म्हणून रोज संध्याकाळी मीच ती मोठ्यानं वाचायला घेतली. शेजारच्या जैबुन्निसाभाभीही वाटाणे सोलायच्या निमित्तानं येऊन बसू लागल्या. गोष्ट दोन भावांची. थोरला गुलामगिरी टिकावी म्हणून लढणारा, आणि धाकटा सॅम्युएल ती मोडावी म्हणून घर सोडून समोरच्या फौजेत गेलेला. मामी पहिल्याच दिवशी धाकट्याच्या बाजूनं झाली आणि तिनं त्याचा सामू करून टाकला. ताटावर बसली की सामूच्या पोटात काही पडलं असेल का, ही चौकशी आधी.

पुढे काय होतं ते तू वाचलंच आहेस. नदीकाठच्या लढाईत सामूला गोळी लागते आणि तो जातो, तीही गोळी थोरल्याच्याच बंदुकीतली. त्या पानाशी आलो आणि मामीकडे पाहिलं. पदर तोंडात धरून बसली होती. वर्षावासात विहारात मी इतकी वर्षं ग्रंथ वाचतो, कधी एक ओळ गाळली नाही (गाळलीच तर मागून टोकणारी हीच). पण त्या संध्याकाळी माझी जीभच उचलेना. मी वाचलं, गोळी मांडीला चाटून गेली.

तिथून माझे हाल सुरू झाले. पुस्तकातली पुढची सगळी माणसं सामूसाठी रडतात, त्यातलं एक वाक्य मला कामाचं नाही. पान उलटायचं आणि मनचं वाचायचं. अमेरिका मला काय ठाऊक? म्हणून सामूला हळद लावून बरा केला आणि टोमॅटोचा प्लॉट लावून दिला. शत्रू पाठीवर आला तेव्हा काही सुचेना, तर उसातून बिबट्या काढला. भाभींनी विचारलं, वनखात्यानं पिंजरा लावला का. लावला म्हणालो. थोरला भाऊ माफी मागायला आला त्या दिवशी दोघी रडल्या, आणि तुला म्हणून सांगतो, मीही रडलो.

आता या रविवारी चष्मा निघतोय. मामीनं जाहीर केलंय, "आता म्या सोता वाचणार, पयल्यापासून." म्हणजे सामूला ती मरताना पाहणार, आणि विहारातला वाचणारा खोटारडा निघाला हेही तिला कळणार. मला भीती पहिल्या गोष्टीची जास्त आहे.

तुझा,
भागुजीमामा

ता. क. पत्राचं खरं कारण असं, की तू मामीला फोन करून सांग, ग्रंथालय पुस्तक तातडीनं परत मागतंय. बाकीचं मी निभावतो.

ता. क. पोरी, आता मी मामी लिहितीया, चष्मा वर करून. मामा पाकीट आणाया गेल्यात. त्ये पुस्तक म्या आपरेशनच्या आधीच चांगल्या डोळ्यानं वाचून काढलं व्हतं, मामा रानात असायचे तवा. सामू गेला त्या दिशी मला घास गेला न्हाई. तरी ऐकाया बसले. म्हणलं, त्या पानाला ह्ये काय करत्यात बघू. माझ्यापायी त्यांनी ओळ गाळली गं. येवढी माया कुणी करतं का? रविवारचं म्हणले ती नुसती गंमत. पुस्तक परत मागू नको, सामूच्या लेकीचं लगीन धरलंय. आन त्ये झालं की असलंच दुसरं पाठव. लई माणसं मरणारं बघ.